डीपीखालचा ओटा

"माणसाला प्यायला पाणी न्हाई आन ही बाई खांबाला पाजायली!" हे सुंदरबाईबद्दल पहिल्यांदा कोण बोललं ते आता सांगता येत न्हाई. बोलणाऱ्याचं तोंड धरायला गेलं तर सगळं गाव धरावं लागंल. मी मात्र तिला कधी हसलो न्हाई, आन त्यात माझा काही मोठेपणा न्हाई. मी चाँद. वडवणीच्या रोडला, गावातल्या डीपीच्या, म्हणजे लाईटीच्या ट्रान्सफॉर्मरच्या, समोरच माझं मोटारी भरायचं दुकान हाय. जळलेल्या मोटारीतली काळी तार उपसायची, नवी गुंडाळायची, हाच माझा जवानीपासूनचा धंदा. करंट काय चीज हाय ते मला कुणी पुस्तकातून शिकवलं न्हाई. त्यानंच शिकवलं, झटके देऊन देऊन.

सुंदरबाईचा नवरा शहादेव माझा दोस्त. झिरो वायरमन होता तो. म्हणजे काय, तर खरा वायरमन खाली मोटारसायकलवर बसून फोन करणार आन खांबावर चढणार शहादेव. गावोगाव असे झिरो हायेत. त्यांना पगार न्हाई, हातमोजे न्हाईत, आन मेल्यावर लाईट ऑफिसच्या कुठल्याच कागदावर त्यांचं नाव न्हाई. शहादेव हसून म्हणायचा, "चाँद, झिरो आकड्याच्या पुढं लागला तर किंमत हाय बे, आपण मागं राहिलोत."

तो गेला ते वैशाखात. शिवारातल्या लाईनवर तार धरणारा चिनीमातीचा कप फुटला होता, म्हणून लाईन बंद करून घेतली. आता कुणालाही वाटंल, बंद केली म्हणजे तार मेली. तसं नसतं. आमच्या शिवारात त्या लाईनच्या शेजारून टॉवरची मोठी लाईन जाती, आन ती कायम चालू. तिच्या नुसत्या शेजारानं बंद तारेत करंट भरतो. तारेला तार लागावी लागत न्हाई. म्हणून चढायच्या आधी बंद तारांवर साखळी फेकायची, साखळीचं दुसरं टोक लोखंडी गजाला बांधायचं आन गज जमिनीत ठोकायचा. लोखंडात, तांब्यात करंट मोकाट पळतो, त्याला नुसती वाट दावायची असती. वाट दावली की तो जमिनीत उतरतो, आन जमिनीचं पोट कधी भरत न्हाई. वाट न्हाई दावली तर तारेच्या अंगावर पसरून गुमान बसतो. मग जो पहिला हात लावंल त्याच्यातून वाट काढतो.

पण त्याला जमीन ओली लागती. कोरड्या मुरमात गज ठोकला काय आन गोधडीत खोचला काय, सारखंच. शहादेवनं गज ठोकला आन बुडात ओतायला घागरभर पाणी मागायला जवळच्या घरी गेला. ते घर केशरबाईचं. केशरबाई म्हणजे मोहनरावची आई, आन मोहनराव म्हणजे आमचे माजी सरपंच, गावातलं वजनदार माणूस. पण तहान वजन बघत न्हाई. टँकर आला नव्हता, रांजण तळाला गेलतं. केशरबाई म्हणली, "बाबा, नातवाला प्यायला न्हाई, तुझ्या खिळ्याला कुठून देऊ?"

खोटं न्हाई बोलली ती. शहादेव "बरं माय" म्हणला, गेला, चढला. तारेला हात लावला तसा झटका बसला आन वरून मानेवर आला. दवाखान्यात न्यायची गरजच पडली न्हाई.

सुंदरबाई शाळेत खिचडी शिजवती. अंगानं किरकोळ, बोलणं तुसडं. शहादेव असताना त्याच्या मागं शिडी धरायला, खड्डे खांदायला तीच जायची, म्हणून तिला अर्थिंगचं सगळं ठाऊक. डीपीच्या बुडाला एक खड्डा असतो. त्यात लोखंडी नळी, भोवती कोळसा आन मीठ. तो ओला ठेवायचा. वर काही बिघडलं, एखादी तार निसटून डीपीच्या लोखंडाला चिकटली, तर करंट त्या नळीतून जमिनीत जातो, फ्यूज उडतो आन खालचा माणूस वाचतो. खड्डा कोरडा पडला तर करंट लोखंडातच राहतो. आमची डीपी गावाच्या मधोमध. तिच्या पायाशी शेरडं बसतेत, म्हातारे टेकतेत, शाळेला जाणारी लेकरं गोल गोल फिरतेत. नवरा गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यापासून सुंदरबाई आपल्या वाट्याची एक घागर रोज त्या खड्ड्यात ओतायला लागली.

गाव खवळलं. टँकरपाशी एका बाईनं तिच्या हातातली घागर हिसकली. "तुझा गेला म्हणून आमची लेकरं तान्हेली मारायलीस का गं?" सुंदरबाईनं तिला सांगून बघितलं, करंट, लोखंड, कोळसा, मीठ. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. लाईट ऑफिसात गेली तर तिथला एक जण म्हणला, "पावसाळ्यात आपोआप ओला होतो की, बाई." पावसाळ्यात! आमच्याकडं पावसाळा पाव्हण्यासारखा, आला तर आला.

मग एका दुपारी केशरबाई स्वतः तिच्या दारात आली. सुंदरबाईनं तिला बस म्हणलं न्हाई. म्हातारी उभ्यानंच बोलली, "सुंदर, त्या दिवशी मी पाणी न्हाई दिलं. तुझा नवरा माझ्या दारातून कोरडा गेला. मला घास उतरत न्हाई बघ." आन रडली. सुंदरबाईनंच मला हे सांगितलं. म्हणली, "चाँदभाऊ, मला वाटलं हिला लाथ घालावी. आन घातली न्हाई, पाणी दिलं प्यायला."

त्या दिवशी दोघी काय बोलल्या त्यातून पुढचं सगळं झालं. केशरबाई म्हणली, "विजेचं नाव काढशील तर गाव तुला चूळभर पाणी देणार न्हाई. देवाचं नाव काढ, घरातली रांजणं उपडी करतेल."

"खोटं बोलायचं, माय?"

"जीव वाचवतो तो देवच की. खोटं कुठं हाय त्यात?"

झालं. केशरबाईनं खड्ड्याच्या काठाला शेंदूर फासलेला एक दगड ठेवला आन सगळ्यांना सांगितलं, सपनात देवीआई आली, म्हणली मला तान लागली. मोहनरावच्या आईचं सपान! कोण खोटं म्हणंल? बाया तांब्या घेऊन यायला लागल्या. देवीला नावबी पडलं, तानाई. कुणाला पोर झालं की तानाईला कळशी, कुणाचं बोअर लागलं की तानाईला घागर. ज्या बाईनं घागर हिसकली होती ती तर मंगळवार धरायला लागली. दोन उन्हाळे खड्डा वाळला न्हाई. मी दुकानातून बघायचो आन मनात म्हणायचो, वा रे म्हातारे, मानलं तुला! अल्लाकसम, सगळ्या तालुक्यात आमच्या डीपीसारखी अर्थिंग नव्हती.

सुंदरबाई मात्र हसायची न्हाई. "गोड बोलून पाजायलोत खरं," ती म्हणायची, "पण ह्यांना ठाऊक न्हाई आपण कशाला पाणी घालायलो. ज्याला ठाऊक न्हाई तो काय करंल ह्याचा नेम न्हाई." तिचं बोलणं खरं ठरलं, आन ते खरं ठरवलं मोहनरावनं.

माणूस वाईट न्हाई तो. आईवर लई जीव. केशरबाई लेकीकडं आष्टीला गेलती, तेवढ्यात आईला अचंबा दावायचा म्हणून त्यानं गवंडी बोलावले आन खड्ड्यावर ओटा बांधला. खाली वीतभर काँक्रीट, वर पांढरी फरशी, मधी तो दगड सिमेंटात बसवलेला, आन पाणी वाहून जायला बाजूनं नाली. सुंदरबाई शाळेतून आली तर काँक्रीट ओतून झालतं. ती ओरडली, "आरं बंद करू नका! पाणी आत गेलं पाहिजे!" लोकांना वाटलं बाईच्या अंगात आलं. दोघींनी तिला हळद लावली. मोहनराव हात जोडून म्हणला, "वैनी, आता फरशीवर घालायचं पाणी. चिखल होत न्हाई, आईचे पाय घाण होत न्हाईत."

मी समोरच होतो. तुमी विचाराल, चाँद, तू कावून न्हाई बोललास? माझं नाव काय हाय ते परत एकदा वाचा. माझ्या तोंडून "तिथं देव न्हाई" एवढं निघालं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानाचं काय झालं असतं ते समजून घ्या. मी सुंदरबाईला म्हणलं, "वैनी, केशरमाय आली की तिला सांगा. ती पोराला सांगंल. तिनंच सांगितलं पाहिजे."

केशरबाई आली. ओटा बघून मटकन खाली बसली. लोकांना वाटलं, पोराचं प्रेम बघून भरून आलं. सुंदरबाई तिला बाजूला नेऊन म्हणली, "माय, आता खरं सांगून टाका." म्हातारी म्हणली, "सांगते. आखाजीची एवढी जत्रा होऊ दे. त्यानं पंगत सांगितलीय गावाला." जत्रा झाली. मग म्हणली, "त्याचं तोंड बघितलं की जीभ उचलत न्हाई गं." मी तरी काय म्हणू? आईचं काळीज ते. लेकानं हौसेनं दिलेलं लुगडं टोचतं म्हणून कोणती आई फेकून देती?

तोवर फरशीवरचं पाणी नालीत जात होतं आन आतला कोळसा वाळत होता. एक दिवस एका बाईनं ओल्या पायानं ओट्यावर डोकं टेकलं आन दचकून उठली. हाताला मुंग्या आल्या! गावात बोंब झाली, तानाई जागृत झाली. शेजारच्या गावातून लोक यायला लागले. ज्याच्या अंगाला झिणझिण्या आल्या तो पुण्यवान, ज्याला न्हाई आल्या तो परत तांब्या भरून आणायचा, पाय अजून भिजवायचा. तौबा! झिणझिण्या म्हणजे करंटाला खाली जायला वाट उरली न्हाई, तो लोखंडात आन ओल्या फरशीत हिंडायलाय. आज थोडा हाय म्हणून मुंग्या. उद्या वर तार निसटली की मुंग्या राहणार न्हाईत.

सुंदरबाई परत लाईट ऑफिसात गेली. वायरमन येऊन लांबून बघून गेला. म्हणला, "देवस्थान तुमी बांधलं. फोडताना मार कुणी खायचा?" तेबी खरंच. मग एका दुपारी, उन्हानं गाव घरात कोंडलेलं असताना, सुंदरबाई आन केशरबाई, दोघींनी छिन्नी-हातोडी घेऊन ओट्याच्या मागच्या अंगाला भोक पाडायला घेतलं. माझ्याकडूनच नेली छिन्नी. म्हातारीचे हात सोलून निघाले. भोक पडलं, पण बोटभर. तेवढ्यातून जमंल तेवढं पाणी रोज आत सोडायचं, एक दिवस सुंदरबाई, एक दिवस केशरबाई. लोकांना वाटायचं, मागून प्रदक्षिणा घालायल्यात.

मग ते वादळ आलं. पाऊस न्हाई, नुसती धूळ आन वारा. पत्रे उडाले, लिंबाच्या फांद्या मोडल्या, गावची लाईट गेली. सकाळी कुणीतरी येऊन फ्यूजला जाड तार गुंडाळून लाईट चालू करून गेलं. वर एक जोडतार निसटून डीपीच्या लोखंडी चौकटीला टेकली होती, ते कुणी मान वर करून बघितलंच न्हाई. जाड तारेचा फ्यूज काय उडतो?

पाळी सुंदरबाईची होती. पण शाळेची चूल वाऱ्यानं पडली म्हणून ती तिकडं अडकली. केशरबाईला वाटलं असंल, एवढं वादळ झालंय, आजच तर पाणी पाहिजे. ती कळशी घेऊन आली. मी शटर उघडत होतो. मला म्हणली, "चाँद, चहा पिलास का रे?" मी म्हणलं, "न्हाई माय, आत्ताच आलो." ती मागच्या अंगाला गेली, कळशी तिरपी केली, आन गुडघे दुखायचे म्हणून आधाराला डाव्या हातानं लोखंड धरलं.

ती ओरडली न्हाई. करंट ओरडू देत न्हाई. कळशी पडल्याचा आवाज आला तेवढाच.

मी दुकानातला कोरडा बांबू घेऊन पळालो. लोक धावत होते, हात पुढं करत होते. मी शिव्या घातल्या, आईबहिणीवरून घातल्या. "हात लावू नका बे! मराल! सगळे मराल!" मोहनराव अनवाणी पळत आला. त्याला कुणी धरंना. मी त्याच्या नडगीवर बांबू हाणला, तो पडला, परत उठला. "माझी आई हाय ती!" "हात लावलास तर तूबी जाशील बे मोहन्या!" गावच्या पुढाऱ्याला मी मोहन्या म्हणलं त्या दिवशी. मग बांबूनं म्हातारीचा हात लोखंडावरून उडवला. ती ओट्याला टेकून कलली. डोळे उघडेच होते, पण ती गेलती.

गाव म्हणलं, तानाईनं नेलं. पुण्यवान बाई, सेवा करता करता गेली, असं मरण कुणाला येतं? मोहनरावनं ते बोलणं धरून ठेवलं. दुसरं काय होतं त्याच्याजवळ धरायला? लाईट ऑफिसनं वरची तार बसवली, लाईट चालू केली. खालचं बघू म्हणले. बायांनी परत पाणी घालायला सुरुवात केली.

दहाव्याच्या दिवशी नदीवरून आल्यावर मोहनरावनं जाहीर केलं, आईच्या आठवणीत तानाईचं मंदिर करायचं. डीपीच्या चारी पायांना धरून पत्र्याचं शेड ठोकायचं, आत घंटा, खाली सगळीकडं फरशी. लोखंडाच्या पायाला पत्रा ठोकला म्हणजे सगळं देऊळ लोखंडाचंच झालं. उद्या वर तार निसटली तर एक म्हातारी जाणार न्हाई. आरतीला उभी असलेली अख्खी आळी जाईल.

तो माझ्या दुकानी आला. "चाँद, शेडमधली लाईट तू करायची. चल, आधी सुंदरवैनीकडं जाऊ. पूजेचा मान तिचा." मी त्याच्या मागं मागं गेलो. वाटंत तोंड उघडावं म्हणलं, उघडलं न्हाई.

सुंदरबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. म्हातारी आपल्या पाळीला गेली, हे तिला तेव्हापासून खात होतं. मोहनराव तिच्यासमोर खालीच बसला, डोक्याचं मुंडण, डोळे सुजलेले. म्हणला, "वैनी, तुझ्याइतकं आई दुसऱ्या कुणाजवळ मन मोकळं करत नव्हती. एक सांग मला. ती देवीच्या पायाशी गेली ना? तेवढं ऐकलं की मला झोप येईल."

काय सांगावं हो? एक "हो" म्हणली असती तर माणूस शांत झाला असता. आन शेड उभं राहिलं असतं.

सुंदरबाईनं सूप बाजूला ठेवलं. "मोहनभाऊ, तिथं देवी न्हाई. तिथं कोळसा, मीठ आन एक लोखंडी नळी हाय. तुमच्या मायनं आन मी मिळून गावाला फसवलं, खड्डा ओला राहावा म्हणून." आन तिनं सगळं सांगितलं. शहादेवला न मिळालेली घागर, सपान, दगड, मागच्या अंगाचं भोक, सोललेले हात. मोहनराव मधी एकदाच बोलला, "तिच्या हाताला फोड होते. मी विचारलं तर म्हणली, भाकरी करताना भाजलं."

मग तो हळू म्हणला, "वैनी, ओटा नसता तर?"

मी सुंदरबाईला डोळ्यानं खुणावलं, नको. एवढं नको सांगू. तिनं माझ्याकडं बघितलंच न्हाई. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आन आवाज मात्र सरळ होता.

"तर माय आज घरी असती."

मोहनराव दोन्ही हातांनी ओसरीची कड धरून बसला. त्याच्या खिशातला फोन वाजला. पत्रेवाला होता, गाडी भरू का म्हणून विचारत होता. "नको," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणला, "चाँद, पहार हाय का तुझ्याकडं?"

"हाय," मी म्हणलं. "पण आधी लाईन बंद करायला लाव."

त्यानं फोन करून लाईन बंद करून घेतली. आमी तिघं भर उन्हात डीपीपाशी गेलो. लोक जमायला लागले, एक जण "देवीवर पहार घालता काय!" म्हणून ओरडला, बाया रडायला लागल्या. मी मोहनरावला म्हणलं, पहार दे माझ्याकडं, तुझ्यानं व्हायचं न्हाई. पण पहिला घाव त्यानं मला घालू दिला न्हाई.